उसना ‘मी’

१

मैनेचा धंदा बोलण्याचा होता, पण त्यात स्वतःचं असं ती काहीच बोलत नसे. ती दुभाषी होती. दवाखान्यात, कोर्टात, विम्याच्या कचेरीत, जिथं समोरच्याची भाषा कुणाला कळत नसे तिथं तिला बोलावणं यायचं. दोन माणसांच्या मध्ये, जरा मागं सरकून बसायचं आणि याचं त्याला, त्याचं याला पोचवायचं. या धंद्यात ‘ते असं म्हणतात’ म्हणायची सोय नाही. समोरचा ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’च म्हणायचं. त्याचं पोट दुखत असेल तर ‘माझं पोट दुखतंय’. त्यानं बायकोला टाकलं असेल तर ‘मी तिला टाकली’. मधल्या माणसानं नळासारखं असावं. पाणी आलं तसं जाऊ द्यावं, चव घेत बसू नये.

तिच्या नवऱ्याचं चष्म्यांचं दुकान होतं. संध्याकाळी दुकान बंद करून आला की तो बूट काढता काढता विचारायचा, “आज कोण होतीस?”

“आज मी तीन मुलांचा बाप होते आणि मला मूळव्याध होती.”

“आता कसं वाटतंय मग?”

“बसवत नाही.”

यावर सगळ्यांत जास्त हसायची ती नणंद. ती नर्सिंग शिकत होती आणि भावाकडंच राहत होती. मैनेच्या लग्नात ती शाळेत होती. वेणी घालायला वहिनीच लागायची. आता उंचीनं वहिनीच्या पुढं गेली होती, पण घरात अजून सगळे तिला धाकटीच म्हणत.

मैना हेही काही खरं नाव नव्हे. लहानपणी कानावर पडलेलं जसंच्या तसं म्हणून दाखवायची, म्हणून आईनं ठेवलेलं, तेच चिकटलं. आईची भाषा डोंगरापलीकडची. शहरात ती बोलणारी माणसं बोटांवर मोजावीत इतकी, त्यातली बरीचशी म्हातारी. आई गेल्यापासून मैना त्या भाषेत कुणाशी चार वाक्यंही बोलली नव्हती. त्यामुळं तुरुंगातून फोन आला आणि त्या भाषेचं काम आहे म्हणाले, तेव्हा तिला आधी बरंच वाटलं. माणूस कोण, हे तिनं नंतर विचारलं.

“गादीवाला?” नवऱ्याच्या हातातला बूट हातातच राहिला. “तो गादीवाला?”

२

तो घरोघर जाऊन सोफ्यांची, खुर्च्यांची कापडं बदलून द्यायचा. हात चांगला होता, बोलणं मऊ होतं, म्हणून एकीनं दुसरीला त्याचं नाव सांगितलेलं. मापं घ्यायला म्हणून तो तीन घरांत भर दुपारी शिरला आणि दार आतून लावून घेतलं. दोघी वाचल्या नाहीत. तिसरी वाचली. त्याला आता खूप वर्षं झाली होती. पेपरात आलं होतं त्यापलीकडं कुणी बोलत नसे, आणि आलं होतं तेही लोकांनी अर्धवट वाचून घडी घालून ठेवलं होतं.

आता त्याला कोठडीतून काढून खुल्या विभागात हलवायचं का, हे एक समिती ठरवणार होती. खुल्या विभागातल्या कैद्यांना कारखान्यात काम मिळतं, पुढं रजाही मिळते. समितीपुढं तुरुंगाच्या मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल जायचा होता. डॉक्टरबाई उंच, पिकल्या केसांच्या, सरळ बोलणाऱ्या होत्या. “त्याला इथली भाषा कामापुरती येते,” त्या मैनेला म्हणाल्या, “पण मनातलं बोलायचं तर आईच्या भाषेतच बोलेन म्हणतो. हक्क आहे त्याचा.”

खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पूर्वी तिथं कैद्यांचा शिवणवर्ग भरत असावा. भिंतीवर जिथं कपाटं होती तिथं फिकट चौकोन राहिले होते. खिडकीला दुधी काच. छताच्या झडपेतून हवा यायची आणि तिची घरघर थांबायची नाही. टेबल जमिनीला ठोकलेलं, दोन खुर्च्याही ठोकलेल्या. तिसरी, दुभाष्याची, तेवढी बाहेरून आणलेली होती. ती जरा हलली की फरशीवर कुईं करून ओरडायची. दाराशी उभा राहणारा पहारेकरी जाडजूड आणि गप्पिष्ट होता. “बाई, घाबरू नका,” पहिल्या दिवशी तो म्हणाला, “आमच्या साहेबांच्या सगळ्या खुर्च्या त्यानंच शिवल्यात. बसलं की उठावंसं वाटत नाही.”

गादीवाला आत आला तेव्हा मैनेला प्रथम वाटलं, चुकीचा माणूस आणलाय. शेजारी राहिला असता तर घराची किल्ली ठेवायला दिली असती, असा चेहरा. बसताना त्यानं तिच्या खुर्चीकडं पाहिलं आणि तिच्या आईच्या भाषेत म्हणाला, “तुझ्या खुर्चीचा स्पंज बसलाय. पाठ धरेल तुझी.”

त्या भाषेत अहो-जाहो नव्हतं, सगळे तूच. कितीतरी दिवसांनी ऐकलेले ते शब्द, तो शेवटी खाली उतरणारा हेल. मैनेच्या पोटात एकदम माया दाटून आली, आणि कुणाच्या तोंडून आलीय हे लक्षात येऊन तिचे कान तापले.

“काय म्हणाले?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“तुझ्या खुर्चीचा स्पंज बसलाय,” मैना म्हणाली. “पाठ धरेल तुझी.”

३

पहिल्या काही बैठका सरळ गेल्या. डॉक्टरबाई विचारायच्या, मैना त्याच्या भाषेत घालायची, तो थांबून, शब्द निवडून उत्तर द्यायचा, मैना ते ‘मी’ लावून परत द्यायची. बाप कसा होता. शाळा का सुटली. बायका पहिल्यांदा कधी आवडायला लागल्या. तो कशालाच नाही म्हणत नसे आणि कशातच फारसं काही सांगत नसे.

मग एका सकाळी डॉक्टरबाईंनी विचारलं, “तिसऱ्या घरात शिरल्यावर तुम्ही सगळ्यांत आधी काय केलंत?”

मैनेनं प्रश्न त्याच्या भाषेत घातला. तो टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. वरची झडप घरघरत होती. आणि मैना म्हणाली, “मी आधी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. तोंड खाली करून ठेवलं. मग खिडकीवर चादर टाकली. कुणी बघेल म्हणून नाही. दुपार किती उरलीय ते तिला कळू नये म्हणून.”

डॉक्टरबाईंचं पेन भराभर चालू लागलं. गादीवाल्याचा अंगठा थांबला होता. तो मैनेकडं पाहत होता, एखादं कापड उलटं करून पाहावं तसा.

“मी अजून बोललो नव्हतो,” तो त्यांच्या भाषेत हळूच म्हणाला. आणि जरा वेळानं, “पण बरोबर आहे.”

“काय म्हणाले आता?”

“बरोबर आहे, म्हणाले.”

वाक्यं दोन होती. तिनं एकच पोचवलं. इतक्या वर्षांत धंद्यात केलेली ही तिची पहिली चोरी.

४

घरी जाताना तिनं स्वतःची समजूत घातली. तो पुटपुटला असणार. दुभाष्याचे कान तयार असतात. ओठ हलले तरी अर्धं वाक्य कळतं. किंवा आधीच्या एखाद्या बैठकीत तो हे बोलला असेल आणि आपल्या डोक्यात राहिलं असेल. नाहीतर आपण अंदाज बांधला. माणूस अंदाज बांधतोच.

एवढं सगळं पटूनही ती सिग्नलला उभी होती ती उभीच राहिली. मागच्या बाईनं ‘जाताय ना?’ विचारलं तेव्हा चालू लागली.

पुढच्या खेपेला डॉक्टरबाई तिची वाटच पाहत होत्या. “ते घड्याळाचं,” त्या म्हणाल्या, “हे त्यानं आजवर कुणालाही सांगितलं नव्हतं. वाचलेल्या बाईंच्या जबानीत आहे, पण ती जबानी बंद आहे, मला परवा मिळाली. त्यांनी म्हटलंय, त्यानं घड्याळ का काढलं हे मला आजतागायत कळलेलं नाही. तुमच्यामुळं आज ते कळलं.”

“त्याच्यामुळं,” मैना म्हणाली.

“हो, म्हणजे, तेच.”

बैठका ध्वनिमुद्रित होत असत. एक शब्द नीट लागला नाही, असं सांगून मैनेनं ती बैठक ऐकायला मागितली. डॉक्टरबाईंच्या खोलीत कानांवर हेडफोन चढवून ती बसली. डॉक्टरबाईंचा प्रश्न आला. मागोमाग आईच्या भाषेत तिचा आवाज. मग झडपेची घरघर. खुर्चीचं कुईं. आणि परत तिचाच आवाज, ‘मी आधी भिंतीवरचं घड्याळ...’

तिनं मागं नेऊन पुन्हा ऐकलं. आवाज पूर्ण वाढवला. घरघर इतकी मोठी झाली की कानात दुखलं. तिच्या बोलण्याआधी कुणी बोललं नव्हतं. कुजबुज नव्हती, श्वासही नव्हता. होता तो फक्त तिचा आवाज, आणि तो तिनं ओळखला नसता. नेहमी ती जरा घाईनं बोलते, मूळ बोलणाऱ्याच्या मागं धावत असल्यासारखी. या आवाजाला कसलीच घाई नव्हती.

हेडफोन काढून तिनं दोन्ही कान चोळले. “सापडला का शब्द?” डॉक्टरबाईंनी विचारलं.

“सापडला,” ती म्हणाली.

५

त्या दिवशी बैठक झाल्यावर डॉक्टरबाईंनी तिला थांबवून घेतलं. पायऱ्यांपाशी एक बाक होता. डॉक्टरबाई संत्रं सोलत होत्या. त्यांनी अर्धं तिच्यापुढं केलं.

“हे असं का करतात?” मैनेनं विचारलं. इतकी वर्षं तिनं कुठल्याच कामाबद्दल हे विचारलं नव्हतं.

“लोकांना वाटतं याला दुखवायला आवडतं,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तेवढंच असतं तर सोपं होतं. दुखवणं हे याचं हत्यार. याला हवा असतो चेहरा. आता आपल्या हातात काही उरलं नाही, हे समोरच्या माणसाला कळतं तेव्हाचा चेहरा. तो यायला वेळ लागतो, म्हणून हा वेळ लावतो. घाईनं मारणारे वेगळे.”

“आणि ते... शरीराचं?”

“आपल्याला आवडत्या माणसाला सुख होतंय हे बघून जे होतं ना, ते याला समोरचा हतबल झाला की होतं. दोन्ही एकाच नळाला जोडलेलं. कधी जोडलं गेलं, कुणी जोडलं, त्यालाही ठाऊक नाही. बाप मारायचा, म्हणतो. बापाचा मार खाल्लेले कितीतरी असतात, ते पोराबाळांना जपून वाढवतात. आम्ही याला नाव दिलंय. नावाचा उपयोग एवढाच, की अहवाल लिहिता येतो.”

“त्याला दया नसेल येत.”

“उलट.” डॉक्टरबाईंनी फोडीवरचा दोरा काढला. “समोरच्याला काय वाटतंय हे त्याला फार नेमकं कळतं. तुमच्या-माझ्याहून नेमकं. आंधळा माणूस हे करूच शकणार नाही. त्याला आत शिरता येतं. तुम्हाला येतं तसंच म्हणा, धंद्यापुरतं.”

मैनेनं हसून विचारलं, “लागण होते का हो याची?”

“तसं असतं तर मी केव्हाच—” डॉक्टरबाईही हसल्या, फोड तोंडात टाकली, आणि समोरच्या भिंतीकडं पाहत सावकाश चावत राहिल्या. वाक्य त्यांनी पुरं केलं नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं विचारलं, “आज कोण होतीस?” मैना म्हणाली, “कुणी नाही. बैठक रद्द झाली.”

६

सुटीचा दिवस होता. नवरा खाली गाडी धूत होता. धाकटी न्हाणीघरात गाणं गुणगुणत अंघोळ करत होती. वाळलेल्या कपड्यांचा ढीग छातीशी धरून मैना बोळातून खोलीकडं निघाली होती. न्हाणीघराच्या दाराला बाहेरूनही कडी होती. वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून मागच्या भाडेकरूनं बसवलेली. त्या कडीकडं आजवर कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं.

कडी लागल्याचा आवाज झाला तेव्हा मैनेला वाटलं, आपल्या कोपराचा धक्का लागला. मग तिनं पाहिलं, तर आपला हात कडीवर होता आणि कपडे सगळे दुसऱ्या हातात आले होते.

काढायला हवी, असं तिच्या मनात आलं. ती काढणारच होती.

आत गाणं संपलं. नळ बंद झाला. दार खेचल्याचा आवाज आला. “वहिनी? कडी लागलीय का बाहेरून?” आवाज अगदी रोजचा, थोडा हसरा.

मैना उभी राहिली.

“वहिनी?” या वेळी मधली ‘हि’ जराशी चिरली. बारीकशी, केसाइतकी चीर. मैनेला ती स्पष्ट ऐकू आली. आत आता सगळं शांत झालं होतं. धाकटी श्वास रोखून ऐकत असणार, बाहेर कुणी आहे का. बाहेर कुणीतरी आहे हे तिला कळलं असणार. मैनेच्या पाठीवर हिवाळ्यातल्या उन्हासारखी ऊब पसरत गेली. ती खाली उतरली, कमरेत, मांड्यांत. कपड्यांच्या ढिगात तिनं हनुवटी रुतवली.

“दादा!” आतून दारावर हात आपटले. “दादा!”

मैनेनं कडी काढली. धाकटी टॉवेल गुंडाळून उभी होती, केसांतून पाणी गळत होतं. वहिनीला पाहून तिनं मोठा सुस्कारा सोडला आणि हसली. “किती हाका मारल्या मी. घाबरले ना.”

“काय होईल असं वाटलं तुला?” मैनेनं विचारलं.

हा प्रश्न तिनं धाकटीच्या भाषेत विचारला की आईच्या, हे नंतर तिला आठवेना. तिला आठवत होतं ते एवढंच, की ती खरोखर उत्तराची वाट पाहत होती, आणि धाकटीचं हसू ओठांवरच राहिलं पण डोळ्यांतून गेलं.

दिवसभर मैना इस्त्री करत बसली. इस्त्री केलेले कपडे उलगडून पुन्हा इस्त्री केले.

७

“सोडून दे ते काम,” नवरा म्हणाला. तिनं त्याला सगळं सांगितलं नव्हतं. झोप लागत नाही, एवढंच सांगितलं होतं. “जगात मूळव्याधीचे पेशंट काय कमी आहेत?”

तिनं डॉक्टरबाईंना फोन केला. डॉक्टरबाईंनी ऐकून घेतलं. “एकच बैठक राहिली आहे,” त्या म्हणाल्या. “आमच्या यादीत ही भाषा जाणणारे दुसरे फक्त एक निवृत्त मास्तर आहेत. ते ध्वनिमुद्रण तपासून देतात, पण त्याच्यासमोर बसायला तयार नाहीत. तुम्ही आला नाहीत तर माझा अहवाल अर्धाच जाईल. आणि तुरुंगाचा अहवाल त्याच्या बाजूनं आहे. कधी भांडला नाही, कधी आवाज चढवला नाही, सगळ्यांच्या खुर्च्या शिवल्या.”

मैनेनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

“त्या वाचलेल्या बाई आहेत ना,” डॉक्टरबाई म्हणाल्या, “त्या अधूनमधून माझ्या कचेरीत फोन करतात. नाव सांगत नाहीत. ‘तो आत आहे ना?’ एवढंच विचारतात. आम्ही हो म्हटलं की ठेवून देतात.”

मैना येते म्हणाली. स्वतःशी तिनं असं ठरवलं, की त्या बाईसाठी चाललोय आपण. तसं ठरवल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. त्याऐवजी तिच्या लक्षात आलं, की आपण फोन ठेवल्यापासून घरभर फिरतोय, खिडक्या उघडतोय, लावतोय, आणि त्या खोलीत जायला आपण उतावीळ झालोय.

८

शेवटच्या बैठकीला गादीवाला केस नीट विंचरून आला होता. पहारेकऱ्यानं दार लावून घेतलं. डॉक्टरबाईंनी फार फाटे फोडले नाहीत. “जी बाई वाचली,” त्यांनी विचारलं, “तिच्याबद्दल आज तुम्हाला काय वाटतं?”

तो बोलायला लागला. आजवर कधी बोलला नव्हता इतकं बोलला. मैना ऐकत होती. किती सुरेख बांधलेलं बोलणं होतं ते. मी तिची झोप चोरली. मी रोज सकाळी उठल्यावर आधी तिची क्षमा मागतो. ती मला क्षमा करणार नाही आणि तिनं करूही नये. शिलाई कुठं दिसत नव्हती. आईच्या भाषेतले मायेचे, अंगाईतले शब्द त्यानं वेचून वेचून वापरले होते. बोलून झाल्यावर त्यानं मान खाली घातली.

मैनेनं तोंड उघडलं.

“ती वाचली हे मला बरं वाटतं,” ती म्हणाली. “मेल्या त्या संपल्या. त्यांचं काही उरलं नाही. ही अजून वाट बघतेय. दार लावलं की पुन्हा येऊन बघते लावलं का. कपाटामागं बघते. मी इथं बसलोय, खुर्च्या शिवतोय, आणि तिथं ते चालूच आहे. मला काहीसुद्धा करावं लागत नाही. सकाळी उठलो की मी आधी तिची आठवण काढतो. अंगात ऊब येते.”

बोलता बोलता तिला खोली दिसली. ही खोली नव्हे. चादरीतून गाळून आलेला पिवळट उजेड, कापड सोलून काढलेला सोफा, त्याच्या उघड्या स्प्रिंगा, आणि सोफ्यापाशी खाली बसलेली कुणीतरी, मान वर करून बघायच्या बेतात. मान वर झाली असती तर चेहरा दिसला असता. मैनेला तो बघायचा होता. तेवढ्यात दिसेनासं झालं.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं होतं.

गादीवाल्यानं मान वर केली. “मी असं बोललो नाही,” तो म्हणाला. इथल्या भाषेत, मोडक्या उच्चारात. पहिल्यांदाच. मग डॉक्टरबाईंकडं वळून, “बाई, मी असं नाही बोललो. ही खोटं सांगते. मी क्षमा म्हणालो. क्षमा.”

डॉक्टरबाईंनी मैनेकडं पाहिलं. “काय म्हणाले होते ते?”

“मी सांगितलं तेच,” मैना म्हणाली.

तो तिच्याकडं बघत राहिला. आधी रागानं. मग हिशेब मांडत असल्यासारखा. त्याच्या बाजूनं बोलणारं या खोलीत दुसरं कुणी आहे का, हे तो शोधत होता. नव्हतं. त्याचं तोंडच तिच्या ताब्यात होतं. मग सावकाश, अगदी सावकाश, ते त्याच्या लक्षात आलं. आधी त्याचे डोळे रुंदावले, मग गालांतलं बळ गेलं, ओठ एकमेकांपासून सुटले आणि तसेच राहिले.

मैना जराशी पुढं झुकली. खुर्ची कुईं करून ओरडली. तिला तो चेहरा नीट पाहायचा होता. जगात दुसरं काही नसल्यासारखी ती पाहत राहिली. डॉक्टरबाईंनी तिच्या दंडाला हात लावून “झालं, उठा” म्हटलं, तेव्हा कुठं तिनं रोखलेला श्वास सोडला.

९

आपण पकडले जाणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मास्तर ध्वनिमुद्रण ऐकतील, त्याची क्षमा ऐकतील, आणि इतक्या वर्षांच्या नावावर पाणी पडेल. पडू दे, असं तिनं मनाशी म्हटलं. तो आत राहिला तर पडू दे.

डॉक्टरबाईंचा फोन आला तो एका दुपारी. समितीनं नकार दिला होता. “त्यानं तुमच्याविरुद्ध तक्रार केली होती,” त्या म्हणाल्या, “म्हणून मास्तरांना सगळं दोनदा ऐकवलं. ते म्हणाले, शब्दन् शब्द बरोबर आहे. तो जे बोललाय तेच तुम्ही सांगितलंय. ऐकता ऐकता त्यांना उलटी झाली, बिचाऱ्यांना.”

“त्यांनी क्षमा नाही ऐकली?”

“त्याच्या त्या उत्तरात क्षमा कुठंच नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “तुम्ही आता थोडे दिवस विश्रांती घ्या.”

मैनेनं ते ध्वनिमुद्रण ऐकायला मागितलं नाही. त्या तुरुंगाचं काम तिनं पुन्हा घेतलं नाही. दवाखान्याची कामं घेतली, विम्याची घेतली. माणसांचं बोलणं संपेपर्यंत ती ओठ घट्ट मिटून बसायची आणि मग बोलायची. सगळं सुरळीत चाललं. वाचलेल्या बाईचा फोन अजून येतो का, हे विचारावं असं तिला अनेकदा वाटलं. ते कशासाठी वाटतंय याची खात्री नसल्यानं तिनं विचारलं नाही.

महिनाअखेरीस धाकटीनं सांगितलं, की ती वसतिगृहात राहायला जाणार आहे. “इस्पितळ जवळ पडतं तिथून,” ती भावाला म्हणाली. भावाला पटलं. वहिनीकडं तिनं पाहिलं नाही. तिनं बॅग स्वतःच भरली. मैना मदतीला आत गेली, तर काहीतरी आठवल्यासारखं करून ती स्वयंपाकघरात निघून गेली.

निघायच्या सकाळी नवरा सामान घेऊन आधी खाली गेला. धाकटी दारात उभी राहून चपला घालत होती. मैना तिच्या मागं, हातभर अंतरावर उभी होती.

“वहिनी,” धाकटी म्हणाली, “तू आत जा ना. मी जाते.”

“मी येते की खालपर्यंत.”

“नको. उगीच कशाला जिना चढतेस-उतरतेस.” धाकटी वळली. तिनं वहिनीकडं तोंड केलं आणि हसली. मग कठड्याला हात धरून, तशीच हसत, ती एकेक पायरी उलटी उतरू लागली. लहानपणी शाळेत जाताना ती अशीच उतरायची, हात हलवत. आता हात हलत नव्हता. कठड्यावर घट्ट होता.

“नीट जा,” मैना म्हणाली.

“हो.”

धाकटी वळणापर्यंत पोचली. तिला पाठ फिरवावी लागणार होती, पण ती फिरवत नव्हती. खालून भावानं हाक मारली. तिनं ओ दिली, पण नजर वहिनीवरून काढली नाही. मैना दाराची चौकट धरून उभी होती. खाली जावं, पोरीला जवळ घ्यावं, तिच्या डोक्यावरून हात फिरवावा, असं तिला मनापासून वाटत होतं. तिनं पायही उचलला. पण धाकटी तशीच हसत उभी होती, आणि मैनेला कळलं, की आपण ते हसू संपायची वाट बघतोय.